सी५ कॉर्व्हेट (१९९७–२००४): सुटे भाग कुठले, कुठून आणि बसवताना काय बिघडतं

विसूभाऊ | ट्रॉय, मिशिगन

सी५ म्हणजे जीएमच्या शेव्रोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी. या गाड्या आता वीस वर्षांहून जुन्या झाल्या. स्वस्तात मिळतात म्हणून आपल्यातले बरेच जण घेतात आणि मग तेच ते प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विचारले जातात. म्हणून हा एकच धागा. विचारताना गाडीचं वर्ष, गिअरबॉक्स आणि इंजिन लिहा, नाहीतर उत्तर देता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे भाग शोधण्याआधी गाडी ओळखा. व्हीआयएनचं (गाडीच्या ओळखक्रमांकाचं) आठवं अक्षर जी असेल तर एलएस१ इंजिन, एस असेल तर झेड०६ या जास्त ताकदीच्या प्रकारातलं एलएस६. दहावं अक्षर वर्षाचं: व्ही म्हणजे १९९७, डब्ल्यू ९८, एक्स ९९, वाय २०००, आणि पुढे १ ते ४ आकडे. त्याखेरीज गाडीतल्या आरपीओ (कारखान्यात बसवलेल्या पर्यायांचे कोड) स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर एफ४५ दिसलं तर डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) इलेक्ट्रॉनिक आहेत (२००२ पर्यंत), एफ५५ दिसलं तर चुंबकीय डँपर (२००३–०४), जेएल४ म्हणजे अ‍ॅक्टिव्ह हँडलिंग (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), झेड५१ म्हणजे कडक सस्पेन्शन. हे न बघता डँपर मागवले की ते गाडीत बसतात, आणि डॅशबोर्डवर 'सर्व्हिस राइड कंट्रोल' कायमचं चिकटतं. एफ४५ काढून साधे डँपर टाकायचे तर त्या कनेक्टरांवर रेझिस्टर लावून कॉम्प्युटरची समजूत काढावी लागते.

दुसरं, जाहिरातीत '९७ ते ०४ ला बसतो' असं लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. २००१ हे मोठं वळण आहे. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर घ्या: २००० पर्यंत तीन तारांचा आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर वेगळा, २००१ पासून पाच तारांचा आणि तापमान त्याच्याच पोटात. पेट्रोलचा फिल्टरही तसाच. १९९७–९८ ला प्रेशर रेग्युलेटर इंजिनावर फ्यूएल रेलला आहे. १९९९ ते २००३ ला फिल्टरमध्येच ५८ पीएसआयचा रेग्युलेटर असतो, विक्स ३३७३७ हा त्याचा प्रसिद्ध नंबर. साधा फिल्टर त्या जागी लावला तर रेग्युलेटरच उरत नाही.

कुठून घ्यायचं? तेल-पाण्याचे, ब्रेकचे, सेन्सरचे रोजचे भाग रॉकऑटो या ऑनलाइन दुकानात. तिथे एसीडेल्को या जीएमच्या ब्रँडच्या तीन पायऱ्या दिसतात: जीएम जेन्युइन म्हणजे मूळ भाग, गोल्ड म्हणजे पूर्वीचा प्रोफेशनल, सिल्व्हर म्हणजे स्वस्त. सेन्सर आणि इग्निशन कॉइल जेन्युइनच घ्या, बुशिंग-लिंक गोल्ड चालतात. अंतर्भाग, रबरी सील, छपराच्या पट्ट्या यांसाठी फक्त कॉर्व्हेटचं काम करणारे मिड अमेरिका मोटरवर्क्स, झिप, कॉर्व्हेट सेंट्रल हे बरे. वापरलेल्या भागांसाठी कार-पार्ट डॉट कॉमवर देशभरातल्या जंकयार्डांचा साठा एका जागी शोधता येतो, शिवाय कुठला भाग आणखी कोणत्या गाड्यांना चालतो तेही हॉलंडर (जंकयार्डांच्या अदलाबदल-सूचीतल्या) नंबरावरून कळतं. ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला कॉर्व्हेटचा मेळा भरतो, तिथल्या बाजारात बंद झालेले भाग हातात घेऊन बघता येतात.

जीएमचा जुना नंबर 'बंद' दिसला तर लगेच हताश होऊ नका. बऱ्याचदा त्याच्या जागी नवा नंबर आलेला असतो. डीलरच्या पार्ट्स खिडकीवर जुना नंबर देऊन पुढचा विचारून घ्या आणि मग तो स्वस्तात दुसरीकडे शोधा.

---

न्यूजर्सीकर | एडिसन

विसूभाऊ, कामाचा धागा. १९९९ कूपे, सहा गिअर, ८८,००० मैल. समोरची मोठी पुली फिरताना डुगडुगते आणि थंडीत बेल्ट किंचाळतो. जवळच्या जंकयार्डात एलएस१ कॅमारोची पुली अगदी किरकोळ भावात आहे. तेच इंजिन ना, चालेल का?

---

टॉर्करेंच | ह्यूस्टन

चालणार नाही, घेऊ नका. इंजिन तेच, पण पुढच्या बेल्टची रेषा वेगळी. कॉर्व्हेटची पुली इंजिनाला सगळ्यांत चिकटून असते. कॅमारोची तिच्यापेक्षा पाऊण इंच पुढे, ट्रकची दीड इंच पुढे. बसेल, पण बेल्ट दुसऱ्याच रेषेत धावेल आणि पहिल्याच दिवशी उडेल. फक्त पहिल्या पिढीच्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीची रेषा कॉर्व्हेटसारखी आहे.

तुमच्याकडे जे झालंय ते सी५ चं नेहमीचं दुखणं. ती नुसती पुली नाही, हार्मोनिक बॅलन्सर आहे: आत हब, बाहेर जड कडं, मधे रबराचा थर. रबर म्हातारं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि डुगडुगायला लागतं. तसंच चालवत राहिलात तर बेल्ट जातो, बेल्टबरोबर पाण्याचा पंप थांबतो.

वापरलेला बॅलन्सर कुठल्याच गाडीचा घेऊ नका, रबराचं वय सगळीकडे सारखंच. पर्याय तीन. एक जीएमसारखाच नवा; दुसरा पॉवरबाँड, जो रोजच्या गाडीला पुरेसा आणि किमतीला रास्त; किंवा तिसरा एटीआय सुपर डँपर, जो महाग पण कॅम बदलून सात हजार आरपीएमपर्यंत इंजिन नेणार असाल तर योग्य. २५ टक्के लहान पुली 'हॉर्सपॉवर वाढते' म्हणून विकतात. टेक्सासच्या उन्हात एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की अल्टरनेटर कमी फिरतो आणि व्होल्टेज पडतं. रोजच्या गाडीला मूळ मापाचीच घ्या.

बोल्टबद्दल नीट वाचा. क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) बॅलन्सर अडवणारी खाचेतली चावी नाही, तो निव्वळ दाबानं बसतो. मूळ बोल्ट एकदाच ताणायचा असतो, म्हणून काम असं करायचं: जुन्या बोल्टनं २४० पाउंड-फूट म्हणजे ३२५ न्यूटन-मीटर देऊन बॅलन्सर पूर्ण आत बसवायचा, जुना बोल्ट काढून टाकायचा, नवा बोल्ट ३७ पाउंड-फूट म्हणजे ५० न्यूटन-मीटर, आणि त्यानंतर १४० अंश. एआरपीचा बोल्ट वापरणार असाल तर त्यांच्या पाकिटावरचा आकडा पाळा, तो या पद्धतीचा नाही.

---

तेलकट हात | कोलंबस, ओहायो

वर लिहिलेलं बरोबर, पण मुळात तिथपर्यंत हात पोचणंच अवघड. सी५ ला बॅलन्सरच्या समोर स्टीअरिंग रॅक आडवा येतो. रॅकचे बोल्ट सोडून, टाय रॉडची टोकं नकलमधून काढून, स्टीअरिंग शाफ्टचा क्लँप सैल करून रॅक पुढे ओढावा लागतो. त्याआधी स्टीअरिंग चाक सरळ ठेवून सीटबेल्टनं बांधून टाका. शाफ्ट सुटल्यावर चाक गरागरा फिरलं तर आतली एअरबॅगची घड्याळी रिबन (क्लॉक स्प्रिंग) तुटते आणि भलताच खर्च येतो.

१. क्रँक धरून ठेवायला स्टार्टर काढून फ्लायव्हीलच्या दात्यात लॉक लावा. गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबण्याची युक्ती इथे करू नका, टॉर्क ट्यूबच्या (इंजिन आणि मागच्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या नळीच्या) रबरी कपलरांवर ताण येतो.

२. तीन पायांचा पुलर. क्रँकच्या भोकात दांडा घालून त्यावर पुलरचा स्क्रू टेकवा, नाहीतर आतली आटे खराब होतात.

३. बसवताना मूळ बोल्टनं सुरुवात करू नका, तो आखूड असतो आणि दोन आट्यांवर सगळा भार येऊन क्रँकची आटे उपटतात. एम१६ बाय २ आट्यांचा लांब बोल्ट किंवा भाड्याचं इन्स्टॉलर घ्या, वर सांगितलेला जुना बोल्ट फक्त शेवटी पूर्ण बसवायला. हातोडा अजिबात नाही. क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर मार बसतो.

४. बॅलन्सर बाहेर असताना पुढचं तेलाचं सील बदला. सीलची ओठ कोरडी ठेवायची, तेल लावायचं नाही.

जॅक लावताना सांभाळून. गाडी कंपोझिटची, बाजूचं रॉकर पॅनल जॅकनं चुरगळतं. चाकांमागे चार लांबट खाचा आहेत, त्यांत बसणारे रबरी पक घ्या आणि जॅक साधारण साडेतीन इंच उंचीचा, नाहीतर खाली जातच नाही.

---

न्यूजर्सीकर

दोघांचे आभार. कॅमारोची पुली रद्द. पॉवरबाँड मागवतो. स्टार्टर काढणारच आहे तर रॅकही बदलून टाकू का?

---

तेलकट हात

गळत नसेल तर नको. हात घातलाच आहे म्हणून सगळंच बदलत गेलात तर तिसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर आणि खिसा रिकामा. बेल्ट आणि टेन्शनर मात्र नवे घ्या. एसीचा बेल्ट वेगळा आहे, तो विसरू नका.

---

शिल्पा०५ | शिकागो

२००२ कन्व्हर्टिबल, ऑटोमॅटिक. एबीएस, ट्रॅक्शन आणि अ‍ॅक्टिव्ह हँडलिंगचे दिवे एकदम लागतात, कधी आपोआप जातात. डीलरनं मॉड्यूल बंद झालंय आणि मिळणार नाही असं सांगितलं. मग गाडी तशीच चालवायची का?

---

विसूभाऊ

शिल्पाताई, आधी कोड वाचा. सी५ ला यंत्र लागत नाही. चावी ऑनला, इंजिन बंद. रीसेट दाबून डिस्प्लेवरचे इशारे घालवा, मग ऑप्शन्स बटण दाबून धरा आणि दहा सेकंदांत फ्यूएल बटण चार वेळा दाबा. गाडी एकेका मॉड्यूलचे कोड दाखवत जाते. कोडामागे सी असेल तर दोष या घडीला आहे, एच असेल तर जुना. सगळे लिहून काढा, आणि त्याशिवाय पुसू नका.

तुमच्या लक्षणांवरून बहुधा सी१२१४ असणार. म्हणजे मॉड्यूलच्या आतल्या रिलेचा संपर्क तुटतोय. उष्णता आणि थरथर यांनी रिलेच्या पायाशी टाका सुटतो. म्हणूनच दिवे येतात-जातात. पण मॉड्यूल काढण्याआधी दोन कामं करा. बॅटरीचं व्होल्टेज बघा, आणि डाव्या बाजूच्या फ्रेमरेलवरचे अर्थिंगचे बोल्ट उघडून, ब्रशनं घासून, चकाकी येईपर्यंत साफ करून परत आवळा. काही गाड्यांचा सी१२१४ तेवढ्यावरच गेलेला आहे.

त्यानं भागलं नाही तर: २००१–०४ चं ईबीसीएम (हेच एबीएसचं मॉड्यूल) दुरुस्त होतं. खोका पाठवला की रिले बदलून, नवा टाका घालून देणारे आहेत. मॉड्यूल हायड्रॉलिक ब्लॉकपासून वेगळं होतं, त्यामुळे ब्रेकची नळी उघडावी लागत नाही. मॉड्यूल बाहेर असताना गाडी चालवू नका. कुणी सगळा ब्लॉकच मागत असेल तर दुसरीकडे विचारा. १९९७–२००० चं मॉड्यूल निराळं आहे आणि ते दुरुस्त करणारे फार कमी. त्या गाडीवाल्यांनी जंकयार्डात चांगलं दिसलं तर आधीच घेऊन ठेवावं, मात्र त्याच वर्षगटाचं आणि जेएल४ असेल तर जेएल४ च्याच गाडीचं.

---

टॉर्करेंच

याला जोडून बॅटरीची सूचना. सी५ ची बॅटरी उजव्या बाजूला आणि तिच्या खाली इंजिनाचा कॉम्प्युटर, पीसीएम. मूळ बॅटरी बाजूच्या टर्मिनलपाशी गळायची आणि अ‍ॅसिड थेट हार्नेसवर व पीसीएमवर. बॅटरीची पेटी उचलून खाली हिरवी-पांढरी बुरशी आहे का ते आजच बघा. असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या मऊ पडल्या असतील तर बदला. नवी बॅटरी एजीएमच (न गळणारी, बंद प्रकारची) घ्या, बाजूच्या टर्मिनलची, ग्रुप ७८. पीसीएम गेला तर नुसता जोडून चालत नाही, चोरीविरोधी यंत्रणा आणि व्हीआयएनसाठी प्रोग्रॅम करावा लागतो.

---

शिल्पा०५

सी१२१४ एच निघाला. अर्थिंगपासून सुरुवात करते.

---

अमोघ_पी | सॅन होजे, कॅलिफोर्निया

दुखणी झाली, आता ताकदीचं सांगा. १९९९, एलएस१, ३४५ हॉर्सपॉवर. झेड०६ च्या ४०५ च्या आसपास न्यायची आहे. एलएस६ चं इनटेक (हवा आत नेणारा भाग), हेडर (मोकळ्या एक्झॉस्ट नळ्या), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असा बेत आहे.

---

टॉर्करेंच

बेत बरा, क्रम उलटा. १९९९ ला एलएस६ चं इनटेक सरळ बसत नाही. त्याचा तळ सपाट आहे, आणि जुन्या एलएस१ ला कूलंटमधली वाफ नेणाऱ्या नळ्या चारी कोपऱ्यांतून निघतात. मागच्या दोन इनटेकला टेकतात. मागच्या दोन जागी बूच आणि पुढे फक्त दोन कोपऱ्यांची नवी नळी लावायची, मग बसतं. १९९७–९८ वाल्यांची फ्यूएल रेलही निराळी, त्यांना जास्त काम. बोल्ट दोन फेऱ्यांत: आधी ४४, मग ८९ पाउंड-इंच. पाउंड-इंच म्हणतोय, पाउंड-फूट नाही. प्लास्टिकचं इनटेक आहे, जास्त आवळलं तर तडकतं.

इनटेक वर असताना व्हॅलीतले (दोन हेडमधल्या खोलगट जागेतले) दोन्ही नॉक सेन्सर बदला. वरच्या रबरी बुचांतून पाणी आत साचतं आणि सेन्सर गंजतो, मग पी०३२७ किंवा पी०३३२ कोड येतो. मागच्या सेन्सरच्या विहिरीभोवती आरटीव्ही सिलिकॉनचा बांध घाला, मागून थोडी वाट मोकळी ठेवून, म्हणजे पाणी वाहून जाईल. सेन्सर १५ पाउंड-फूट.

हेड: मूळ एलएस१ ची, कंबश्चन चेंबर ६६.७ सीसी. एलएस६ ची २४३ नंबरच्या कास्टिंगची, साधारण ६४.५ सीसी आणि पोर्ट मोठे. २४३ साठी कॉर्व्हेटचेच भाव मोजू नका. ट्रेलब्लेझर एसएसच्या एलएस२ ला २४३ च आहेत, आणि ५.३ लीटरच्या ट्रकांवर येणारी ७९९ ही तीच कास्टिंग आहे, फक्त व्हॉल्व्ह साधे. जंकयार्डात '७९९' कोपऱ्यात कोरलेलं बघून उचला, सपाटी तपासून घ्या, मशीन शॉपला व्हॉल्व्ह जॉब करा.

हेड बोल्ट एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. २००३ पर्यंतच्या ब्लॉकला लांब आणि आखूड असे दोन प्रकार, २००४ पासून सगळे एका लांबीचे. संच मागवताना ब्लॉकचं वर्ष सांगा. एम११ सगळे आधी २२ पाउंड-फूट, मग ९० अंश, मग लांब बोल्ट आणखी ९० आणि टोकाचे आखूड ५० अंश. भोकांत कूलंट किंवा तेल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दबतं, वाट मिळत नाही आणि ब्लॉक तडकतो. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक गेला म्हणजे इंजिन गेलं. प्रत्येक भोक हवेनं फुंकून, कापसाच्या काडीनं कोरडं करून मगच बोल्ट.

---

तेलकट हात

कॅमबद्दल माझ्याकडून. हेड न काढताही कॅम बदलता येतो. रॉकर काढून कॅम दोनदा फिरवला की लिफ्टर वर ढकलले जातात आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अडकून राहतात. जुन्या गाडीत ट्रे झिजलेले असतात. एक जरी लिफ्टर निसटला तर तो खाली ऑइल पॅनमध्ये आणि पॅन काढायला क्रॅडल (इंजिनाखालची चौकट) उतरवणं आलं. लिफ्टर अडवायला दोन लांब सळया पुढून सरकवतात, त्या घाला. तुम्ही हेड काढणारच असाल तर लिफ्टर आणि ट्रे नवेच टाका.

मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगवर मोठा कॅम लावू नका. एलएस६ च्या २००२ नंतरच्या निळ्या स्प्रिंगा सुमारे ०.५५० इंच उचलीपर्यंत ठीक, त्यापुढे दुहेरी.

पुढचं कव्हर काढलं की तेलाचा पंपही बदलावासा वाटतो. बदला, पण पिकअप ट्यूबच्या ओ-रिंगकडे लक्ष द्या. जाडीच्या आणि रंगाच्या वेगवेगळ्या येतात. चुकीची बसली किंवा बसवताना चिमटली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. लक्षण असं की गाडी थंड असताना प्रेशर बरं, गरम झाल्यावर गळून पडतं आणि वरून लिफ्टर टकटकतात. लोक पंपाला दोष देत बसतात. ओ-रिंगला तेल लावून, ट्यूब सरळ रेषेत ढकलून, बोल्टनं ओढून न घेता बसवायची.

---

नाशिककर_बे_एरिया | फ्रीमाँट

थांबा थांबा, अमोघ सॅन होजेत आहेत. वरचं सगळं टेक्सास-ओहायोचं झालं. कॅलिफोर्नियात इनटेक, कॅम, हेडर, कॅटलिटिक कन्व्हर्टर यांपैकी जे मूळ भागासारखं नाही त्याला कार्बचा (राज्याच्या हवा-मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (ईओ) नंबर लागतो. नंबर भागावर किंवा स्टिकरवर दिसला नाही तर स्मॉग तपासणीत डोळ्यांनी बघूनच नापास. लाँग ट्यूब हेडर कॅटची जागा हलवतात, म्हणून ते विसराच. १९९९ असल्यामुळे तुमची गाडी डायनोवर (फिरत्या रोलरवर) चढवून नळीतला धूरही मोजतात. २००० पासूनच्या गाड्यांची फक्त ओबीडीची (गाडीच्या कॉम्प्युटरची) आणि दृश्य तपासणी. कॅटच्या मागचं एक्झॉस्ट मात्र बदलायला हरकत नाही. झेड०६ चे २००१–०४ चे टायटॅनियम मफलर लोक काढून विकतात, वजन चांगलंच कमी होतं.

कुठलाही भाग घेण्याआधी कार्बच्या संकेतस्थळावर ईओ नंबर टाकून त्यात तुमचं वर्ष आणि इंजिन आहे का ते बघा. विक्रेता 'ईओ आहे' म्हणतो तेव्हा तो बरेचदा कॅमारोचा असतो.

---

अमोघ_पी

म्हणजे कॅम बाद. मग इथे काय उरतं?

---

नाशिककर_बे_एरिया

ब्रेक, डँपर, टायर, मागचं एक्झॉस्ट. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या गाडीला तेच आधी हवं असतं. ३४५ हॉर्सपॉवर कमी नाही हो.

---

विसूभाऊ

सहमत. ब्रेकसाठी सर्वांत शहाणा खर्च म्हणजे सी६ च्या (पुढच्या पिढीच्या कॉर्व्हेटच्या) झेड५१ च्या मोठ्या डिस्क. मूळ पुढच्या ३२५ मिलीमीटर आणि मागच्या ३०५. झेड५१ च्या ३४० आणि ३३०. कॅलिपर तुमचेच राहतात, फक्त सी६ झेड५१ चे ब्रॅकेट घ्यायचे. तुमची पुढची चाकं १७ इंची आहेत, म्हणून आधी कार्डबोर्डचा साचा कापून कॅलिपर आतून घासत नाही ना ते बघा. ब्रेकचं तेल डॉट ४ आणि सगळं नवं भरा.

डँपरना सी६ झेड०६ चे काढलेले जोड सी५ ला बसतात, वापरलेलेही बऱ्या स्थितीत मिळतात. बिल्स्टाइन नवे घेतलेत तर उत्तमच. पानाच्या स्प्रिंगा कंपोझिटच्या आहेत, आडव्या टाकलेल्या. त्यांना वेल्डिंगची ठिणगी किंवा सांडलेलं ब्रेकचं तेल लागू देऊ नका, आणि चिरा दिसल्या तर स्प्रिंग टाकून द्या.

टायर: साधी सी५ पुढे २४५/४५ झेडआर१७, मागे २७५/४० झेडआर१८. झेड०६ ला २६५/४० आणि २९५/३५. साध्या सी५ ला रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे) टायर आणि हवेचे सेन्सर आले, झेड०६ ला दोन्ही नाहीत. म्हणून झेड०६ ची चाकं आपल्या गाडीला लावली की 'टायर प्रेशर' चा इशारा येतो. सेन्सर हलवले की जातो. साधे टायर घेणार असाल तर डिक्कीत पंप आणि चिकटद्रव ठेवा, स्टेपनी या गाडीला कधी नव्हतीच. चाकाचे नट १०० पाउंड-फूट.

---

देशमुख_डॅलस

२००१, सहा गिअर. न्यूट्रलला इंजिन रेव्ह केलं की सीटखालून खडखड आणि थरथर. क्लचही घसरतोय.

---

टॉर्करेंच

दोन्हींचं एकच काम. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, मधे टॉर्क ट्यूब. ट्यूबच्या दोन्ही टोकांना रबरी कपलर असतात. त्यांना तडे गेले की हाच खडखडाट. क्लच इंजिनाकडच्या टोकाला, म्हणजे त्यालाही हात घालायचा तर एक्झॉस्ट, टनेल प्लेट, मागचं क्रॅडल, डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स सगळं खाली. एवढं उतरवलंत की पुढची यादी एकदाच मागवा: दोन कपलर, ट्यूबची बेअरिंगं, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, डिफरन्शियलची बाजूची सीलं. स्लेव्ह जुना ठेवून पैसे वाचवले तर तोच सहा महिन्यांत गळतो आणि सगळं पुन्हा उतरतं.

क्लचला एलएस७ चा (सी६ झेड०६ च्या इंजिनाचा) संच, फ्लायव्हीलसह. मूळ फ्लायव्हीलवर एलएस७ ची प्लेट बसवण्याचा मोह नको. जुन्या फ्लायव्हीलच्या काठच्या भोकांत बॅलन्सची छोटी वजनं असतील तर क्रँकच्या संदर्भानं त्यांच्या जागा खुणावून घ्या आणि तीच वजनं नव्यावर त्याच जागी बसवा. हे राहिलं की ठरावीक आरपीएमला थरथर येते आणि दोष नव्या कपलरांवर जातो. स्लेव्हला लांबून हवा काढायची नळी आत्ताच जोडा, मूळ निपलपर्यंत नंतर हात पोचत नाही.

पॉलियुरेथेनचे कपलर कडक, आवाज जास्त. मूळ ताकदीच्या गाडीला रबराचेच चांगले. अ‍ॅल्युमिनियमचे फक्त रेसिंगवाल्यांनी घ्यावेत.

तेल: टी५६ गिअरबॉक्सला एटीएफ, डेक्स्रॉन ३ प्रकारचं, सुमारे ३.९ लीटर. डिफरन्शियलला ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक सुमारे १.६ लीटर आणि त्यात ४ औंस लिमिटेड स्लिपचं अ‍ॅडिटिव्ह. ते विसरलं तर थंड गाडी पार्किंगमध्ये वळवताना मागून कटकट येते.

---

पुणेरी_पिस्टन | पुणे

ही गाडी इथे आणता येईल का? एक ओळखीचे परत येतायत, त्यांची २००३ आहे.

---

विसूभाऊ

नाही. वापरलेली गाडी तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टीअरिंगची लागते. सी५ केंटकीतल्या बोलिंग ग्रीनमधून डाव्या हाताचीच निघाली. तिकडे विकून यायला सांगा.

---

देशमुख_डॅलस

टॉर्करेंच, यादी मागवली. आणखी एक: डावा हेडलाइट अर्धाच उघडतो आणि करकर करत राहतो. मोटर बदलू?

---

तेलकट हात

मोटर चांगली आहे, आतलं नायलॉनचं दातेरी चाक खाल्लं गेलंय. पितळी गिअर वेगळा मिळतो, मोटरच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त. मोटर उघडताना वरच्या फिरकीनं हातानं दिवा पूर्ण वर घ्या, मगच कनेक्टर काढा. जुन्या ग्रीसमधले नायलॉनचे तुकडे पूर्ण पुसून काढा, एक जरी राहिला तर नवा गिअर अडतो. उजवाही उघडून बघा, वय दोघांचं सारखंच.

आणि तुमची २००१ सहा गिअरची आहे म्हणून: 'सर्व्हिस कॉलम लॉक' हा इशारा एकदा जरी आला तरी दुरुस्तीला वाट बघत बसू नका. स्टीअरिंगचं विजेवर चालणारं कुलूप उघडलं नाही तर गाडी सुरू होते, पण हलवल्याबरोबर पेट्रोल तोडते आणि तुम्ही आहात तिथे अडकता. कॉलम लॉक बायपासचं छोटं मॉड्यूल हार्नेसमध्ये मधे लावायचं, अर्ध्या तासाचं काम. मात्र कुलूप उघड्या स्थितीत असतानाच लावा. अडकल्यावर लावलं तर ते अडकलेलंच राहतं.